खजुरिया, हजुरिया आणि 'राजपा'

भारतीय जनता पक्षाच्या इतिहासात बंडखोरीचे प्रसंग अनेक आले. मात्र, एखादे राज्य स्वबळावर दोन तृतीयांश जागा जिंकून हाती घेतल्यानंतर अवघ्या दीड वर्षात तेथील सत्ता आपल्याच फुटीर गटाच्या हवाली करण्याची वेळ या पक्षावर एकदाच आली. ती आली गुजरातमध्ये, १९९६ साली. शंकरसिंह वाघेला यांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडलेल्या या गटाने पुढे राष्ट्रीय जनता पार्टी हे नाव घेतले. गुजराती वृत्तपत्रांनी त्याचे 'राजपा' असे सुटसुटीत रूप केले. पक्ष जेमतेम तीन वर्षे टिकला. त्या काळात त्याने दोन मुख्यमंत्री दिले, एकमेव विधानसभा निवडणूक लढविली आणि अखेर तो काँग्रेसमध्ये विसर्जित झाला. आयुष्य इतके अल्प असले तरी या फुटीने गुजरातच्या राजकारणाची पुढील दिशा बऱ्याच अंशी ठरविली.

संघटनेतले तीन स्तंभ

गुजरातमध्ये भाजपची बांधणी झाली ती १९८०च्या दशकात. त्या काळात राज्यावर काँग्रेसची पकड घट्ट होती. माधवसिंह सोळंकी यांनी क्षत्रिय, हरिजन, आदिवासी आणि मुस्लिम यांची मोट बांधून १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत १८२ पैकी १४९ जागा जिंकल्या होत्या. या समीकरणाबाहेर राहिलेला प्रबळ समाज म्हणजे पाटीदार, अर्थात पटेल. आरक्षणविरोधी आंदोलनानंतर हा वर्ग काँग्रेसपासून झपाट्याने दुरावला आणि भाजपला पायाखालची जमीन मिळाली.

या वाटचालीत तीन नावे ठळक होती. सौराष्ट्रातील पटेल नेते केशुभाई पटेल हे पक्षाचा लोकाभिमुख चेहरा होते. शंकरसिंह वाघेला हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघाच्या मुशीतून आलेले क्षत्रिय नेते. १९७७ मध्ये ते कपडवंजमधून लोकसभेवर निवडून गेले, पुढे प्रदेशाध्यक्ष झाले आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना नावाने हाक मारणारा नेता अशी त्यांची ख्याती झाली. तिसरे नरेंद्र मोदी. संघाचे प्रचारक असलेले मोदी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रदेश संघटनमंत्री म्हणून पक्षात आले. गुजरातच्या रिवाजाप्रमाणे केशुभाई 'बापा' आणि वाघेला 'बापू' म्हणून ओळखले जात.

वाघेला यांनी १९८९ मध्ये गांधीनगरची लोकसभेची जागा जिंकली होती. १९९१ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांच्यासाठी त्यांनी ती मोकळी केली आणि स्वतः गोध्रा येथून निवडून आले. ज्याने पक्षासाठी हातची जागा सोडली, त्याला पक्ष सत्तेवर आल्यावर काय मिळणार, हा प्रश्न त्यांच्या समर्थकांच्या मनात तेव्हापासूनच असावा.

बहुमत आले आणि कुरबूर सुरू झाली

मार्च १९९५ मध्ये विधानसभेचे निकाल लागले. भाजप १२१, काँग्रेस ४५ आणि अपक्ष १६ असे बलाबल होते. १४ मार्च रोजी केशुभाई पटेल यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वाघेला लोकसभेचे सदस्य होते, विधानसभेचे नव्हते. मुख्यमंत्रिपदाच्या निवडीत त्यांचे नाव मागे पडले, यात आश्चर्य नव्हते. खरी ठिणगी पडली ती नंतर.

मंत्रिमंडळाची रचना, सरकारी महामंडळांवरील नियुक्त्या आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या यांत आपल्या माणसांना पद्धतशीरपणे डावलले जात असल्याची वाघेला गटाची तक्रार होती. सरकारचा कारभार मुख्यमंत्र्यांऐवजी पक्षाच्या कार्यालयातून, म्हणजे संघटनमंत्र्यांच्या इच्छेने चालतो, असा आरोप उघडपणे होऊ लागला. महामंडळाचे अध्यक्षपद ही किरकोळ बाब वाटण्याचा संभव आहे. पण मंत्रिपद न मिळालेल्या आमदाराला गाडी, कार्यालय आणि मतदारसंघात मान मिळवून देणारी तीच एक जागा असते. बहुतेक काळ विरोधी बाकांवर काढलेल्या पक्षात अशा जागांची वाट पाहणारे पुष्कळ होते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या संघर्षात विचारसरणीचा प्रश्न जवळजवळ नव्हता. अयोध्या, समान नागरी कायदा किंवा आर्थिक धोरण यांपैकी कोणत्याही मुद्यावर दोन्ही गटांत मतभेद असल्याचे ऐकिवात आले नाही. भांडण होते ते सत्तेतील वाट्याचे, आणि त्याला पटेल विरुद्ध क्षत्रिय अशी जातीय किनार होती.

चराडा ते खजुराहो

सप्टेंबर १९९५ मध्ये केशुभाई अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना वाघेला यांनी बंडाचे निशाण उभारले. समर्थक आमदार प्रथम उत्तर गुजरातमधील चराडा या गावी एकत्र आले. त्यांची संख्या ४७ सांगितली जात होती. आमदार आपल्याच राज्यात राहिले तर दबाव, विनवण्या आणि प्रलोभने यांतून त्यांची गळती होणार, हे ओळखून त्या महिन्याच्या अखेरीस त्यांना विमानाने मध्य प्रदेशातील खजुराहो येथे हलविण्यात आले. तेथे त्या वेळी दिग्विजय सिंह यांचे काँग्रेस सरकार होते. भाजपच्या बंडखोरांना काँग्रेसशासित राज्यात मिळालेल्या पाहुणचाराचा अर्थ सर्वांनाच कळत होता.

शिल्पांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या या गावाने गुजराती राजकारणाला कायमचे शब्द दिले. खजुराहोला गेलेले ते 'खजुरिया'. मुख्यमंत्र्यांच्या पाठीशी राहिलेले ते 'हजुरिया'. हुजूर म्हणून हात जोडून उभा राहणारा तो हजुरिया. मराठी वाचकाला आपल्याकडचा 'हुजऱ्या' आठवल्यावाचून राहणार नाही. आणि जे कोणत्याच बाजूला गेले नाहीत, त्यांच्या वाट्याला 'मजुरिया' हे नाव आले. शिव्या म्हणून जन्मलेले हे शब्द पुढे पक्षांतर्गत गटबाजीची सर्वमान्य परिभाषा बनले. तीन दशकांनंतरही गुजरातमध्ये एखाद्या पक्षात दोन तट पडले की वार्ताहर 'खजुरियावाळी' होणार काय, अशी विचारणा करतात.

आकड्यांना येथे विशेष महत्त्व होते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने एकट्यादुकट्या आमदाराचे पक्षांतर बेकायदा ठरविले असले, तरी विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडल्यास ती 'फूट' मानून त्यांना अभय दिले होते. १२१ चा एक तृतीयांश म्हणजे ४१. वाघेला यांच्याकडे या आकड्यापेक्षा थोडे अधिक आमदार होते. म्हणजे सात जण परत फिरले असते तर उरलेल्या सर्वांची आमदारकी धोक्यात आली असती. विमान, दुसरे राज्य आणि बंद दारे यांचे कारण या गणितात होते.

तडजोड आणि तिची किंमत

दिल्लीहून अटलबिहारी वाजपेयी मध्यस्थीसाठी आले. ठरले ते असे: केशुभाईंनी पायउतार व्हावे, वाघेला यांनीही मुख्यमंत्रिपदाचा आग्रह सोडावा, आणि दोन्ही गटांना चालेल अशा नेत्याकडे राज्याची सूत्रे द्यावीत. कच्छचे सुरेश मेहता यांनी २१ ऑक्टोबर १९९५ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वाघेला समर्थकांना मंत्रिमंडळात स्थान मिळाले. तडजोडीचा आणखी एक भाग होता. नरेंद्र मोदी यांना गुजरातबाहेर पाठविण्यात आले. राष्ट्रीय सचिव म्हणून ते दिल्लीत गेले आणि हरियाना, हिमाचल प्रदेश यांसारख्या राज्यांचे काम पाहू लागले. वाघेला गटाच्या दृष्टीने तो मोठा विजय होता. त्या दिवशी गुजरातमधून बाहेर पडलेला संघटनमंत्री सहा वर्षांनी मुख्यमंत्री म्हणून परतेल, असे कोणी म्हटले असते तर हसे झाले असते.

तडजोड कागदावरच राहिली. मे १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपने राज्यातील २६ पैकी १६ जागा जिंकल्या. पण गोध्रा मतदारसंघात खुद्द वाघेला पराभूत झाले. आपल्याच पक्षातील लोकांनी पाडले, अशी त्यांच्या गटाची खात्री झाली. त्याच महिन्यात अहमदाबाद येथे वाजपेयी यांच्या सत्कारसभेच्या ठिकाणी वाघेला समर्थकांवर हल्ला झाला. ज्येष्ठ मंत्री आत्माराम पटेल यांना मारहाण करून त्यांचे धोतर फेडण्यात आले. 'धोतियाकांड' या नावाने हा प्रकार गाजला आणि त्यासंबंधीचा खटला दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. वयोवृद्ध मंत्र्याची पक्षाच्याच समारंभात झालेली ही विटंबना पाहिल्यावर समेटाची भाषा कोणी करीना.

सभागृहात हाणामारी, राज्यात राष्ट्रपती राजवट

ऑगस्ट १९९६ मध्ये फूट औपचारिक झाली. दिलीप पारिख यांच्या पुढाकाराने चाळीसहून अधिक आमदारांनी आपण स्वतंत्र गट असल्याचा दावा केला आणि 'महागुजरात जनता पार्टी' हे नाव घेतले. नावाची निवड सहज झालेली नव्हती. मुंबई राज्याच्या विभाजनासाठी १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्र समितीप्रमाणेच गुजरातेत इंदुलाल याज्ञिक यांच्या महागुजरात जनता परिषदेने लढा दिला होता. त्या आठवणीचा वारसा नव्या पक्षाला हवा होता. विधानसभेच्या उपाध्यक्षांनी या गटाला मान्यता दिली. सत्ताधाऱ्यांना ती अर्थातच मान्य नव्हती.

१८ सप्टेंबर रोजी सभागृहात जे घडले ते गुजरात विधानसभेच्या कामकाजातील लाजिरवाणे पान आहे. ध्वनिक्षेपक उपटले गेले, सदस्यांत हाणामारी झाली. विरोधी बाकांवरील सदस्य सभागृहाबाहेर असताना मेहता सरकारने विश्वासठराव मंजूर करून घेतला. राज्यपाल कृष्णपाल सिंह यांनी राज्यात घटनात्मक यंत्रणा कोलमडल्याचा अहवाल केंद्राला पाठविला. केंद्रात त्या वेळी एच. डी. देवेगौडा यांचे संयुक्त आघाडीचे सरकार होते आणि ते काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे होते. १९ सप्टेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली. विश्वासठराव जिंकलेले सरकार बडतर्फ झाल्याचा भाजपचा आक्षेप होता. हा विश्वास विरोधकांना बाहेर ठेवून मिळविलेला, असे दुसऱ्या बाजूचे उत्तर होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, पण सत्ता एकाच बाजूला जाणार होती.

महिनाभराने, २३ ऑक्टोबर १९९६ रोजी शंकरसिंह वाघेला मुख्यमंत्री झाले. काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला. १९९५ च्या निवडणुकीत ज्या पक्षाला मतदारांनी नाकारले होते, त्याच्या ४५ आमदारांच्या आधारावर नाकारणाऱ्या पक्षाचा फुटीर गट राज्य करू लागला.

एक वर्षाचा कारभार

वाघेला आमदार नसल्याने सहा महिन्यांच्या आत निवडून येणे त्यांना भाग होते. १९९७ च्या प्रारंभी उत्तर गुजरातमधील राधनपूर येथे पोटनिवडणूक झाली. भाजपने शंकर चौधरी हा विशीतला नवखा उमेदवार उभा केला. वाघेला विजयी झाले, मात्र मुख्यमंत्र्याला एका तरुणाने घाम फोडल्याची चर्चा निकालानंतरही चालू राहिली.

सरकारच्या खात्यावर जमा करावा असा ठळक निर्णय म्हणजे ऑक्टोबर १९९७ मधील जिल्ह्यांची पुनर्रचना. आणंद, दाहोद, नर्मदा, नवसारी आणि पोरबंदर हे पाच जिल्हे त्या वेळी अस्तित्वात आले. राज्याच्या स्थापनेनंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेला हा पहिलाच फेरबदल होता आणि त्यानंतरच्या एकाही सरकारने तो मागे घेतला नाही. दाहोद आणि नर्मदा हे आदिवासीबहुल भाग जिल्हा मुख्यालयाच्या जवळ आले, ही त्यातील खरी कमाई.

परंतु सरकारचा पायाच भुसभुशीत होता. भाजपमधून आलेल्यांना काँग्रेसचे ओझे वाटत होते. काँग्रेसजनांना आपल्या पाठिंब्यावर दुसऱ्याचा पक्ष वाढत असल्याचे दिसत होते. वाघेला यांचा क्षत्रिय जनाधार हा मुळात काँग्रेसचाच जनाधार होता, हे या दुखण्याचे मूळ. सीताराम केसरी यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसने ऑक्टोबर १९९७ मध्ये हात आखडता घेतला. पाठिंबा चालू ठेवण्याची अट म्हणून वाघेला यांनी पद सोडले आणि २८ ऑक्टोबरला त्यांचेच सहकारी दिलीप पारिख मुख्यमंत्री झाले. पारिख हे मूळचे उद्योजक. चारच महिने ते या पदावर राहिले. लवकरच विधानसभा विसर्जित होऊन लोकसभेबरोबरच निवडणुका जाहीर झाल्या.

मते होती, जागा नव्हत्या

१९९८ च्या निवडणुकीचे आकडे बारकाईने पाहण्याजोगे आहेत. भाजपने १८२ पैकी ११७ जागा जिंकल्या. काँग्रेसला ५३ मिळाल्या. राजपाच्या हाती आल्या फक्त चार. मतांची टक्केवारी मात्र वेगळेच सांगते. भाजपला सुमारे ४५ टक्के, काँग्रेसला सुमारे ३५ टक्के आणि राजपाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास मते पडली. म्हणजे काल-परवापर्यंत एकत्र सत्तेत असलेल्या दोघांच्या मतांची बेरीज भाजपपेक्षा थोडी अधिक होती. हे दोघे स्वतंत्रपणे लढले आणि एकमेकांची मते खात राहिले. केशुभाई ४ मार्च १९९८ रोजी पुन्हा मुख्यमंत्री झाले.

साडेअकरा टक्के मते ही नव्या पक्षासाठी क्षुल्लक बाब नव्हे. ती राज्यभर विखुरलेली असल्याने निरुपयोगी ठरली. भाजपमधून फुटलेल्या जवळजवळ प्रत्येक गटाच्या वाट्याला हेच आले आहे. उत्तर प्रदेशात कल्याण सिंह यांनी १९९९ मध्ये राष्ट्रीय क्रांती पार्टी काढली. २००२ च्या विधानसभेत तिला चार जागा मिळाल्या. उमा भारती यांच्या भारतीय जनशक्ती पक्षाला २००८ मध्ये मध्य प्रदेशात पाच जागांवर समाधान मानावे लागले. बी. एस. येडियुरप्पा यांच्या कर्नाटक जनता पक्षाने २०१३ मध्ये सहा जागा जिंकल्या. येडियुरप्पांनी भाजपला ४० जागांवर रोखून सत्ता घालविली, हे खरे. स्वतःच्या पदरात मात्र काही पडले नाही. या तिघांपुढे परतीची वाट उघडी होती आणि तिघेही यथावकाश भाजपमध्ये परतले. वाघेला यांनी ती वाट धरली नाही.

राजपाचे विसर्जन काँग्रेसमध्ये झाले. १९९९ मध्ये वाघेला कपडवंजमधून लोकसभेवर गेले. २००२ मध्ये ते गुजरात काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या वर्षाच्या दंगलीनंतरची विधानसभा निवडणूक ही एकेकाळी एकाच संघटनेत काम केलेल्या दोघांमधील, नरेंद्र मोदी आणि शंकरसिंह वाघेला यांच्यातील लढत ठरली. 'संघाचाच माणूस काँग्रेसच्या टोपीत' ही टीका वाघेला यांना शेवटपर्यंत चुकविता आली नाही, आणि स्वतःला संघापासून कितपत वेगळे दाखवावे, हे काँग्रेसलाही ठरविता आले नाही. भाजपने १२७ जागा जिंकल्या. २००४ मध्ये वाघेला केंद्रात वस्त्रोद्योगमंत्री झाले, २०१२ नंतर विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिले आणि जुलै २०१७ मध्ये, आपल्या ७७ व्या वाढदिवशी काँग्रेसमधूनही बाहेर पडले. जनविकल्प मोर्चा, २०१९ मध्ये शरद पवार यांची राष्ट्रवादी काँग्रेस, त्यानंतर प्रजा शक्ती डेमोक्रॅटिक पार्टी असा पुढचा प्रवास आहे.

हजुरियांचेही बंड

या कथेत एक उपकथानक आहे. ज्यांच्या विरोधात खजुराहोचे बंड झाले ते केशुभाई पटेल २००१ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले आणि त्या जागी मोदी आले. केशुभाईंचे निकटवर्ती मानले जाणारे गोरधन झडफिया पक्षाबाहेर पडले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. त्याचे नाव महागुजरात जनता पार्टी! अकरा-बारा वर्षांपूर्वी खजुरियांनी वापरून टाकलेले नाव हजुरियांच्या कामी आले. ऑगस्ट २०१२ मध्ये खुद्द केशुभाईंनी गुजरात परिवर्तन पार्टी स्थापन केली. तडजोडीचे मुख्यमंत्री सुरेश मेहता हेही तिच्यात सामील झाले. त्या वर्षाच्या निवडणुकीत पक्षाला दोन जागा मिळाल्या, त्यांपैकी एक केशुभाईंची. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो भाजपमध्ये विलीन झाला. केशुभाईंचे २०२० मध्ये निधन झाले.

कायदा बदलला, वाट बदलली नाही

एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला अभय देणारी तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने रद्द झाली. त्यानंतर दोन तृतीयांश सदस्यांसह दुसऱ्या पक्षात विलीनीकरण, एवढाच मार्ग उरला. वाघेला यांना आज १९९६ ची खेळी करावयाची झाली तर ४१ नव्हे, ८१ आमदार लागतील.

तरीही आमदारांना विमानात बसवून परराज्यात नेण्याची पद्धत थांबली नाही. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासमवेत शिवसेनेचे आमदार मुंबईहून निघाले, तेव्हा त्यांचा पहिला मुक्काम गुजरातमधील सुरत येथे होता. तेथून ते गुवाहाटीस गेले. शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार त्यांच्याकडे जमले. दोन तृतीयांशाचा आकडा ३७ होता. त्यांनी विलीनीकरण केले नाही, मूळ पक्ष आपलाच असल्याचा दावा केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला. त्याच वर्षी ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने, फुटीची तरतूद रद्द झालेली असल्याने तिचा आधार बचावासाठी घेता येणार नाही, हे स्पष्ट केले आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांकडे सोपविला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी शिंदे गट हाच खरा पक्ष ठरविला आणि कोणत्याच गटाचा आमदार अपात्र केला नाही.

१९९६ मध्ये गुजरातेत असा निर्णायक कौल उपाध्यक्षांच्या आसनावरून आला होता. राधनपूरच्या पोटनिवडणुकीत वाघेला यांच्याकडून पराभूत झालेले शंकर चौधरी वर्षभरात, १९९८ मध्ये, त्याच मतदारसंघातून विधानसभेत पोहोचले. डिसेंबर २०२२ मध्ये ते गुजरात विधानसभेचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले.